आमच्या सोमेशला बसायचं काम दिलं

सोमेशला मातीत बसवायला नेलं त्या दिवशी लोकांना हासू आलं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार न्हाई. आमच्यात जाळत न्हाईत, बसवतात. खड्ड्यात मांडी घालून, कपाळाला विभूती लावून नीट बसवायचं आन मग माती लोटायची. सोमेशचा डावा पाय पोलिओचा, त्येची मांडी काय लवकर जमंना. विधी करणारे स्वामी म्हणले, "जरा दाबून बसवा." तितक्यात सोमेशच्या डाळ मिलचा मुकादम दगडोबा, जो सकाळपासून ढसाढसा रडत होता, तो खड्ड्याच्या काठावरून वरडला, "आरं नगा रं बसवू त्येला! बस म्हणलं की आंगावर यायचा!"

कुणीतरी फिस्सकन हासलं, मग दुसरं हासलं, मग स्वामींनी पण तोंड फिरवलं. सोमेशची माय नीलम्मा, तिनं पदर तोंडात कोंबलेला होता, ती पण हासली. "खरं हाय बाबा दगडू," म्हणली, आन लगीच दुप्पट रडायला लागली.

तर ह्या बसण्याचं प्रकरण काय हाय ते आधीपासून सांगावं लागंल.

सोमेश म्हणजे आमच्या मधल्या चुलत्याचा पोरगा. गाव जळकोटच्या जवळ. दोन वर्षाचा असताना पोलिओ झाला, डावा पाय काडीवाणी राहिला. पण हात? हात असे की बाभळीचं खोड. लहानपणी चिंचेवर सगळ्यात आधी तोच चढायचा आन वर बसून सगळ्यांच्या डोक्यात चिंचा मारायचा. खाली उतर म्हणलं तर उतरायचा न्हाई. बारावीला मात्र नापास झाला, त्येचा पायाशी काय संबंध न्हाई, अभ्यास केला नव्हता.

मग इकडं तिकडं करत करत उदगीरला गुरुपादप्पाच्या डाळ मिलमध्ये लागला. आप्पा लई देवाचा माणूस. सकाळी लिंगपूजा झाल्याबिगर पाणी तोंडात घालत न्हाई. नीलम्मा त्येंच्याकडं गेली, पोराला काम द्या म्हणली. आप्पांनी एका शब्दात दिलं. म्हणले, "अपंगाला काम देणं म्हंजे महादेवाला सवा लाख बेल वाहिल्यावाणी हाय." आन गेटपाशी एक लाल प्लास्टिकची खुर्ची टाकली. सोमेशच्या खांद्याला धरलं, खुर्चीत दाबलं आन म्हणले, "बाळा, तू बस."

झालं. चार वर्षं बसला.

काम म्हणाल तर गेटातून येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिवायचे असं ठरलं होतं. पण गाडी आली की दगडोबा पळत यायचा, वही हिसकून घ्यायचा. "तू कामून तकलीफ घ्यायलास सोम्या, मी लिवतो." दगडोबाला धड लिवायला येत न्हाई. चारचा आकडा उलटा काढायचा. सोमेशनं सांगितलं तर म्हणायचा, "समजून घ्यायचं माणसानं."

डाळ निवडणाऱ्या बायांची म्होरकी तुळजाबाई मावशी, ती त्येला चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून गार करून द्यायची. पाय अधू हाय, तोंड न्हाई, हे त्या बाईच्या डोक्यात काय शिरलंच न्हाई. वरून रोज चार धपाटे, दही. खा बाबा, खा. मिलच्या मधून एक नाली होती. सोमेश कुबडीवर टण्णदिशी उडी मारून पलीकडं जायचा. पण हमालांनी बघितलं की दोघं पळत यायचे, काखेत हात घालून उचलायचे आन पलीकडं ठेवायचे. एकदा तो नालीच्या कडंला आडोशाला लघवीला उभा राहिला होता. तसाच उचलला आन पलीकडं ठेवला. त्येला पलीकडं जायचंच नव्हतं.

चार वर्षात चौदा किलो वजन वाढलं. मिलच्याच काट्यावर मोजलं. हमाल म्हणले, आता उचलायला जड जातंय. पण उचलायचं सोडलं न्हाई.

एकदा तर हद्द झाली. उन्हाळ्याचे दिवस. दोन हमालांना सोमेशची दया आली, खुर्चीसकट उचलला आन सावलीत नेऊन ठेवला. सावली कशाची, तर उभ्या टेम्पोवरच्या ताडपत्रीची. म्हंजे टेम्पोच्या आतच ठेवला. सोमेशच्या पोटात चार धपाटे, त्येला डुलकी लागली. टेम्पो निघाला मुखेडच्या बाजाराला. ड्रायव्हरला पत्ताच न्हाई.

सोमेश जागा झाला तवा आजूबाजूला शेळ्या वरडायलेत, भाजीवाले वरडायलेत आन टेम्पोच्या मागं पाच-सात लोकं उभे राहून त्येच्याकडं बघायलेत. टेम्पोत खुर्ची टाकून बसलेला जाडजूड माणूस, कपाळाला विभूती, कुबडी आत कुठंतरी पोत्यामागं पडलेली. मुखेडच्या लोकांना वाटलं कुणी मोठा व्यापारी हाय, खुर्ची संगटच घेऊन हिंडतोय. एका शेतकऱ्यानं पिशवी पुढं केली. "सावकार, जरा तूर बघा की."

आता तूर कशी बघतात ते सांगावं लागंल. दाणा दाताखाली धरून फोडायचा. कटकन फुटला तर वाळलेला, दबून फुटला तर ओल हाय. ओलीची डाळ मशीनमध्ये चुरा व्हती. सोमेशनं चार वर्षं गेटपाशी बसून दुसरं केलंच काय होतं? गाड्यातून सांडलेली तूर उचलायची आन चावायची. त्येच्या दातानं जितकी तूर फोडली तितकी मिलच्या मशीननं फोडली नसंल. त्येनं पिशवीत तळापर्यंत हात घालून दाणे काढले, एक फोडला, डोळे मिटले आन म्हणला, "अजून पाच दिस वाळवा. आन तळाची वरच्यात मिसळू नका, तळाची डागी हाय, डाग पडलेली."

शेतकऱ्यानं तोंडात बोट घातलं. "हे कसं कळलं ओ तुम्हाला?" मग दुसरा आला. मग तिसरा. दीड तास सोमेश खुर्चीवरून तूर बघत होता. कुणी बिचारा म्हणलं न्हाई, कुणी चहा फुंकला न्हाई. उलट चहाचे पैशे त्येलाच द्यावे लागले, त्येचंच त्येला लई कौतिक. एसटीनं परत आला, काखेत कुबडी, डोक्यावर लाल खुर्ची. कंडक्टरनं त्येला सवलतीचं तिकीट दिलं आन खुर्चीला फुल्ल.

त्या दिवसापासून त्येनं एकच जप लावला. मिलमध्ये नमुना काढायचं काम मला पाहिजे.

नमुना काढणं म्हंजे गाडी आली की थप्पीवर चढायचं, वरच्या, मधल्या, तळाच्या पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे आन आप्पाला सांगायचं माल कसा हाय. ते काम श्रीशैल मामा करायचे. आप्पाच्या वडलांपासूनचा माणूस. मामाचे गुडघे गेलेले आन दात पण गेलेले, हिरडीखाली तूर धरून "असंल बहुतेक चांगली" म्हणायचे. ओल बघायचं मशीन होतं, पण आप्पाचा मशीनवर भरोसा न्हाई, हिरडीवर होता. आता मामा म्हणत होते, दसऱ्यापासून मी घरी बसणार. आन आप्पांनी लातूरहून एक माणूस ठरवायला घेतला होता. म्हंजे दसऱ्याच्या आत काय झालं तर झालं, न्हाईतर सोमेश आन त्येची खुर्ची, जन्माची गाठ.

सोमेश आप्पाकडं तीनदा गेला. तिन्ही वेळा आप्पा म्हणले, "बाळा, गाडीवरून पडलास तर पाप कुणाला? तू बस." चौथ्यांदा गेला तर म्हणले, "सुम्म कूड." कानडीत म्हंजे गप बस. आप्पा मराठीत बस म्हणून दमले की कानडीत म्हणायचे.

तवाच ते नाटकाचं निघालं.

झालं काय, आप्पाला एका मोठ्या कंपनीला डाळ घालायची होती, आन कंपनीला कागद पाहिजे होता की तुमच्या मिलमध्ये अपंग कामगाराला नीट वागवतात. तो कागद देणाऱ्या संस्थेच्या आरती मॅडम लातूरहून आल्या. झोळी, चष्मा, हातात फाईल. त्येंनी सगळ्या कामगारांना गोळा केलं आन म्हणल्या, "भाषणानं माणसाची नजर बदलत नाही, नाटकानं बदलते. नाटक तुम्हीच करायचं. मी फक्त लिहून आणलंय."

दगडोबा उठून उभा. "मॅडम, तीस वर्षं भारुडात सोंगं करायलोय मी. नजर बदलायचं माझ्याकडं सोडा."

खरंच, दगडोबाला सोंगाचं लई वेड. गावच्या भारुडात तो बाई व्हायचा, भूत व्हायचा, एकदा म्हैस पण झाला होता. मॅडमनी बघितलं हा जोशात हाय, म्हणल्या, "मग कुणाला कोणतं काम द्यायचं ते मुकादम तुम्हीच ठरवा." आन चहा प्यायला आप्पाकडं गेल्या. तिथंच सगळं बिघडलं. का सुधारलं म्हणा.

नाटकात मोठं काम अपंग कामगाराचं होतं. सोमेश म्हणला, "ते माझं."

दगडोबानं मान हालवली. "चालून दाखव बरं."

"आरं, चालून काय दाखव? चार वर्षं बघायलास की!"

"तरी पण."

सोमेश कुबडी घेऊन ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. झपझप, त्येची नेहमीची चाल. दगडोबा म्हणला, "जमंना रं. खोटं वाटायलंय."

"खोटं? माझा पाय हाय ह्यो!"

"पाय असंल. पण आत अभिनय न्हाई. काय ओ मावशी?"

तुळजाबाई मावशी विचार करून म्हणली, "हाव बाबा, सोमेशचं बघून रडू येईना. लई टुणटुण चालतंय."

मग दगडोबानं स्वतः लंगडून दाखवलं. काय लंगडला! एक पाय ओढत, तोंड वाकडं, हात थरथर, मान खाली. पोलिओ पायाला झाला का मानेला ते कळंना. पण बाया हुंदके द्यायला लागल्या. ठरलं, अपंगाचं काम दगडोबाचं. नाटकात त्येचं नाव दुसरंच काहीतरी होतं, ते दगडोबाला पाठ होईना. म्हणला, "सोमेशच ठेवा. लोकांना ओळखायला सोपं जाईल."

"आन मी काय करू?" सोमेश म्हणला.

दगडोबानं फाईल उलटी सुलटी केली. दुसऱ्याला वाचायला लावली. एक काम उरलं होतं, मिलच्या सेठचं. दगडोबाचं तोंड खुललं. "हे बघ, तुझ्यासाठीच हाय. सेठला उठायचं न्हाई, चालायचं न्हाई. नुस्तं बसायचं हाय!"

सोमेश तोंडाला आलेली शिवी गिळून बसला.

नाटक खंडेनवमीला ठेवलं. त्या दिवशी मशीनी बंद, सगळ्यांना झेंडूचे हार, काट्याची पूजा, मशीनीची पूजा. मिलचा माल उतरवायचा ओटा, तोच स्टेज. खाली कामगार, त्येंची लेकरं, दहा-पंधरा शेतकरी, नीलम्मा, आप्पाची बायको शरणम्मा काकू आन पुढं खुर्चीवर आप्पा. आरती मॅडम फोनवर शूटिंग करायल्या.

सेठला बसायला गादी पाहिजे होती. दगडोबानं दोन हमाल पिटाळले. ते मागच्या बाजूनं एक गादी घेऊन आले, ओट्यावर टाकली, लोड लावला. सोमेश डोक्यावर टोपी, डोळ्याला आप्पाचा जुना चष्मा घालून तिच्यावर बसला. बसला तो असा बसला की खालून एक म्हातारा शेतकरी म्हणला, "आप्पा कवा वर गेले?"

नाटक असं लिवलेलं होतं की अपंग कामगार काम मागायला येतो, बाकीचे त्येला हिणवतात, सेठ हाकलून देतो, मग एक बाई समजावती, मग सेठचं मन पालटतं आन तो म्हणतो, "आजपासून याला कोणी हिणवायचं नाही." टाळ्या.

दगडोबा आला. हात थरथर, मान वाकडी. "द्या हो सेठ, ह्या लंगड्याला काम द्याऽऽ" म्हणून जो सूर लावला, की शेजारच्या मिलचा वॉचमन पळत आला काय झालं म्हून. सुरवातीला उजव्या पायानं लंगडत होता, मधीच डाव्या पायानं लंगडायला लागला. गादीवरून सोमेश दात ओठ खाऊन हळूच म्हणला, "डावा धर, डावा!" दगडोबा घाबरून दोन्ही पायानं लंगडायला लागला.

आता हमालांनी हिणवायचं होतं. पण दगडोबाचे ते हाल बघून त्येंना सवयीनं दयाच आली. हिणवायचं कसलं, दोघं पळत गेले आन त्येला काखेत धरून उचलला.

"आरं हे न्हाई नाटकात," दगडोबा पुटपुटला.

"बस बाबा तू," हमाल म्हणले आन खाली बसवला.

दगडोबा उठला. "सेठ, मी पोती शिवतो, मी..." पुन्हा बसवला. तुळजाबाई मावशीला समजवायचं काम होतं, पण तिच्यानं राहवंना, ती लगीच कपबशी घेऊन आली आन फू फू करून चहा त्येच्या तोंडाला लावला. दगडोबा म्हणला, "मावशी, मला हात हायत की!" मावशी म्हणली, "असू दे रं लेकरा, तू पी." पुन्हा उठला, नाली नसताना नाली वलांडल्यावाणी उचलून दुसरीकडं ठेवला. एकानं प्रसाद कोंबला. एकानं वारा घातला. खाली लोकं हासून हासून एकामेकाच्या आंगावर पडायलेत. नीलम्मा हासायली आन डोळे पुसायली.

सहाव्यांदा बसवल्यावर दगडोबाचं डोकं फिरलं. मुकादम माणूस, उभ्या जन्मात दिवसा टेकला नसंल. हाताला झटका मारून वरडला, "आरं सोडा की रं! करू द्या की मला काहीतरी! नुस्तं बसवून मारता काय माणसाला!"

हमालांनी हात मागं घेतले. मावशीच्या हातात बशी तशीच राहिली. एक हमाल हळूच गादीवर बसलेल्या सोमेशकडं बघायला लागला, मग दुसरा पण बघायला लागला.

सोमेशनं आता हाकलून द्यायचं होतं. त्येनं टोपी सारखी केली आन आप्पाच्याच आवाजात म्हणला, "काय करायचंय तुला?"

दगडोबाला पुढचं काय आठवंना. फाईलमधलं सगळं गेलं, डोक्यात राहिलं ते एकच, जे सोमेशनं मुखेडहून आल्यापासून शंभर वेळा त्येच्या कानात घातलं होतं. "मला... मला नमुना काढायचाय सेठ."

"गाडीवरून पडशील."

"पडलो तर पडलो! तुमचे दोन हमाल मागच्या साली पडले, धड पायाचे होते. त्येंला कुठं खुर्ची दिली तुम्ही?"

खाली आप्पानं खुर्चीत चुळबुळ केली. सोमेश खळखळून हासला, मग लोडाला टेकला आन म्हणला, "बरं. सोमेश, आजपासून नमुन्याचं काम तुझं."

टाळ्या वाजल्या. आरती मॅडम तर उभ्या राहिल्या. "वा! शेवट बदललात तुम्ही! माझ्यापेक्षा छान केलात!"

पण श्रीशैल मामा टाळ्या वाजवत नव्हते. मामा उठले, चपला काढल्या, ओट्यापाशी गेले आन गादीला हात जोडले. "शब्द निघाला," म्हणले.

आप्पा म्हणले, "कसला शब्द? मामा, ते नाटक हाय."

मामा म्हणले, "नाटक असंल आप्पा. गादी नाटकातली न्हाई."

आप्पा ताडकन उठले. ओट्यावर गेले, गादीचा कोपरा उचलून बघितला. पेढीवरची गादी. तीच, ज्या गादीवर आप्पाचे वडील बसायचे, आता आप्पा बसतात. आन ह्या पेढीवाल्या लोकांत एक रीत हाय, ती सगळ्या बाजाराला माहीत हाय. गादीवर बसून भाव बोलला, शब्द दिला, तो माघारी घ्यायचा न्हाई, कुणी का बोलंना. आप्पाच्या वडलांनी एकदा डुलकीत एक भलताच भाव बोलला होता, तो पण पाळला.

"ही हितं कुणी आणली?" आप्पा वरडले.

दगडोबा अजून एका पायावरच उभा होता, सरळ व्हायचं विसरला होता. "तुम्हीच म्हणलं की आप्पा, नवमीला खोळ बदलायचीय, गादी उन्हात टाका. उन्हात होती. आम्हाला गादीच पाहिजे होती."

"म्हून ही आणायची?"

"दुसरी कुठाय?"

आप्पा सोमेशकडं वळले. "तू उठ आधी!"

जमलेल्या लोकात कुणालातरी उचकी लागली, कारण आप्पानी सोमेशला उठ म्हणलेलं कुणी ऐकलं नव्हतं. सोमेश उठला न्हाई. म्हणला, "आप्पा, तुम्ही ह्या सगळ्यांच्या देखत शब्द माघारी घ्या, मग उठतो."

पुढं बसलेले शेतकरी आप्पाकडं बघायले. उद्या ह्याच शेतकऱ्यांना ह्याच गादीवरून भाव बोलायचा होता. शरणम्मा काकू बायातून म्हणल्या, "मामंजींनी झोपेतला पाळला. तुमच्यानं जागेपणीचा पाळवंना व्हय?"

आप्पांनी गादीचा उचललेला कोपरा खाली टाकला. "पाळतो," म्हणले. "पण नुस्तं बोलून न्हाई. दसऱ्यानंतरची पहिली गाडी, थप्पीवर चढायचं, नमुना काढायचा, उतरायचं. चढला न्हाई तर शब्द तिथंच फिटला आन लातूरचा माणूस येणार."

"हाव," सोमेश म्हणला आन उठला. उठताना चष्मा आप्पाच्या हातात दिला.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी गाडी आली. तुरीची, एका आडत्याची, थप्पी पार आभाळाला लागलेली. अख्खी मिल बाहेर. हमालांनी चारी बाजूनं ताडपत्री धरली, खाली दोन गाद्या टाकल्या, ह्या वेळी बघून टाकल्या. तुळजाबाई मावशी नारळ घेऊन उभी. नीलम्मा डोळे मिटून ओम नमः शिवाय, ओम नमः शिवाय. आप्पा पेढीच्या दारात, तोंडाला रुमाल लावून.

सोमेशनं कुबडी दगडोबाच्या हातात दिली, दोर धरला आन चढायला लागला. हातावर हात, हातावर हात. काडीवाणी पाय हवेत, उजवा पाय पोत्यात रोवलेला. चौदा किलो वाढलेले, त्येचा त्रास झालाच. मधी थांबला, धापा टाकल्या. पुन्हा निघाला. अर्ध्यात गेला आन त्येचा पायजमा गाडीच्या हुकात अडकला. सोमेश वर जायलाय, पायजमा खालीच. नाडी तुटली. निळ्या पट्ट्यापट्ट्याची चड्डी सगळ्या उदगीरला दिसली.

दगडोबा खालून वरडला, "सोम्या, पायजमा!"

"राहू दे खाली! मी वर चाललो!"

बायांनी पदर डोळ्यावर घेतले, दोन बोटाच्या फटीतून बघायला लागल्या. सोमेश वर पोचला. नळी खुपसली, ह्या पोत्यात, त्या पोत्यात. वरची तूर फोडली, कटकन आवाज खालपर्यंत आला. मधली फोडली. मग पोटावर झोपून, डोकं थप्पीच्या फटीत घालून पार तळाला नळी घातली. दाणा दाताखाली धरला. डोळे मिटले.

"आप्पा, वरची बरी हाय. तळाच्या तीन थरात ओल हाय. पाणी मारलंय."

आडत्या भडकला. "चड्डीवरचा माणूस माझ्या मालाला नावं ठेवायलाय!" आप्पांनी हमालांना हात केला. हमालांनी तळाची पोती ओढली, फोडली, आप्पांनी स्वतः हात घातला. हात ओला निघाला. आप्पांनी वर बघितलं आन पहिल्यांदाच सोमेशला कामाचं इचारलं.

"भावात किती कमी धरू?"

"शंभरात आठ कापा. न्हाई ऐकला तर गाडी परत."

आठ कापले. लातूरच्या माणसाला नगो म्हून कळवलं. लाल खुर्ची श्रीशैल मामांनी घरी नेली, म्हणले मी बसतो आता. आन हमालांनी उचलायचं बंद केलं का? न्हाई ओ. महिनाभर तरी सवय गेली न्हाई, पण आता कुणी उचलला न्हाईतर बस म्हणलं की सोमेश आंगावर जायचा, कुबडीनं टाळकं हाणायचा, मग हळूहळू गेली.

ते काम सोमेशनं मरेपर्यंत केलं. पण त्येचा सगळ्यात खुशीचा दिवस ह्यो गाडीवर चढला तो न्हाई. तो दिवस पंधरा दिवसांनी आला.

त्या दिवशी सोमेशच्या हातनं चूक झाली. गडबडीत एका गाडीतली डागी तूर चांगली म्हून पास केली. सगळी डाळ काळपट निघाली. आप्पा पेढीवरून उतरले ते सरळ नालीपाशी आले आन सगळ्या मिलसमोर सोमेशला धरलं. "गाढवा! डोळे हायत का बटणं लावलीत? दातानं बघितलीस का ढुंगणानं? बैलाला बसवलं असतं तर बरी बघितली असती! निघ, ती सगळी डाळ हातानं निवडून दे मला आज!"

तुळजाबाई मावशी रडायला लागली. दगडोबा हात जोडून मधी आला. "आप्पा, आप्पा, त्यो अपंग हाय, त्येला..."

सोमेश दगडोबावर वस्सकन वरडला. "तू मधी पडू नको रं! आप्पा मला बोलायलेत!"

संध्याकाळपर्यंत बायांत बसून डाळ निवडली आन घरी आला. आला तो दारातूनच, "माय, आज आप्पानी मला लई शिव्या दिल्या!" तोंडावर ह्या कानापासून त्या कानापर्यंत हासू. नीलम्मानं आधी पायात चप्पल घातली, उदगीरला जाऊन आप्पाला जाब इचारते म्हणली. सोमेशनं तिला धरून चुलीपुढं बसवलं, ताट घेतलं आन जेवता जेवता सगळं सांगितलं, आप्पाचा आवाज काढून, आप्पाचे हातवारे करून. गाढव म्हणले, बैल म्हणले, ढुंगण म्हणले. तीन भाकरी खाल्ल्या. मग शेजारचे आले, त्येंला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग चुलता आला, त्येला सांगितलं. दर वेळी एखादी शिवी वाढायची, आन नीलम्माला शेवटपर्यंत कळलंच न्हाई की आप्पानी किती दिल्या आन ह्येनं घरच्या किती घातल्या.